फिनेलचं प्रशस्तिपत्र

मी आयुष्यात एकाच माणसाला सरकारी प्रशस्तिपत्र मिळवून दिलं आहे आणि त्याची लाज मला अजून वाटते. ते प्रशस्तिपत्र स्वच्छतेबद्दलचं होतं. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षवाल्या गावात, एका बंगल्याच्या हॉलमध्ये ते काचेच्या फ्रेममध्ये आजही लटकत असेल आणि त्याच्या खाली 'शिफारस' म्हणून माझी सही असेल. सही झकास वळणदार आहे. आई शाळेत शिकवायची, त्यामुळे अक्षरापायी मी लहानपणी भरपूर पट्ट्या खाल्ल्या आहेत.

आरोग्यसेविका म्हणून माझी पहिली नेमणूक त्या गावात झाली. नाशिकहून एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि लसीची निळी पेटी खांद्याला अडकवून बागांमधून चालत गाव गाठायचं. गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत होती, पण तिच्यात द्राक्षांचे रिकामे क्रेट छतापर्यंत रचलेले होते. म्हणून दर मंगळवारी बाळांचं लसीकरण आणि गरोदर बायकांची तपासणी माजी सरपंचांच्या बंगल्याच्या ओट्यावर भरायची. ओटा प्रशस्त, वर पत्र्याची सावली, बसायला खुर्च्या. माजी सरपंच दिवसभर बागेत असायचे. ओट्यावर राज्य होतं ते त्यांच्या बायकोचं. तिला सगळं गाव काकू म्हणायचं, मीही काकूच म्हणू लागले.

पहिल्याच मंगळवारी काकूंनी माझी तपासणी केली. मी अजून कोणाची केली नव्हती.

"आडनाव काय म्हणायचं सिस्टर तुमचं?"

सांगितलं. आमचं आडनाव नाशिक जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत दोनदा सापडतं, एकदा वेशीच्या आत आणि एकदा वेशीच्या बाहेर. त्यामुळे नुसत्या आडनावावर कोणाचं समाधान होत नाही.

"गाव कोणतं?"

"मूळचे सिन्नरकडचे."

"आन् वडील काय करत्यात?"

"देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या ऑफिसात होते. आता रिटायर झाले."

वडील कारकून होते. त्यांचा तोफेशी आला नसेल तेवढा संबंध स्टेपलरशी आला. पण काकूंनी 'तोफखाना' एवढंच ऐकलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "मिलिटरीवाले! मंग काय, आपलेच की!" असं म्हणून त्या आत गेल्या आणि स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आल्या. घरातला पेला होता, त्यावर माजी सरपंचांचं नाव कोरलेलं होतं.

मी चहा प्यायले. खोटं एक अक्षर बोलले नाही. थेट विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला बजावत राहिले. पण ही मंडळी थेट कधीच विचारत नाहीत. आंबा पिकलाय का बघतात तशी चहूबाजूंनी चाचपतात. त्यांनी चाचपलं आणि त्यांना मी पिकलेली वाटले, त्यात माझा काय दोष? संध्याकाळी वडिलांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "नवीन नोकरी आहे. सहा महिने कान उघडे, तोंड बंद." वडिलांनी हेच धोरण बत्तीस वर्षं चालवलं होतं.

पुढचे तीन महिने माझी चैन होती. मंगळवारी थालीपीठ, चतुर्थी आली की साबुदाण्याची खिचडी. आमच्या सात पिढ्यांनी मिळून केले नसतील तेवढे उपास मी त्या ओट्यावर केले. काकू स्वयंपाकघरात बोलवायच्या, फ्रिजमधून लोणचं काढून घे म्हणायच्या, हळदीकुंकू लावायच्या. त्यांचं स्वतःचं ब्लडप्रेशर चढलेलं होतं. मी लोणचं बंद करा म्हणायचे आणि त्या मला लोणच्याची बरणी बांधून द्यायच्या. पुढे तर त्यांनी बहिणीच्या मुलाचा विषय काढला. पाच एकर एक्स्पोर्टची द्राक्षं, मुलगा शांत. मी लाजल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते, पण दोन्हींत चेहरा सारखाच होतो.

आणि हेही सांगते. मला ते आवडत होतं. माझं नाव ऐकल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जो एक क्षणभर हिशोब चालतो, तो तिथे चालत नव्हता. त्या आरामाची मला चटक लागली होती.

गावाच्या पलीकडे, ओहोळाच्या पुढे आमची वस्ती होती. आमची म्हणजे बौद्धांची. हे मला पहिल्या दिवशीच कळलं, कारण गावातला सिमेंटचा रस्ता शेवटच्या बंगल्यापाशी सुरीने कापल्यासारखा संपत होता. तिथल्या बायका मंगळवारी फारशा येत नसत. ज्या येत त्या ओट्यावर चढत नसत, खाली निंबाखाली उभ्या राहत. काकू म्हणायच्या, "त्यांना तिकडंच बरं वाटतं, सावली लय गार हे." मग मी पेटी घेऊन खाली उतरायचे, बाळांना टोचायचे आणि परत वर खुर्चीत येऊन बसायचे. मला दिसत नव्हतं असं नाही. मला बघायचं नव्हतं.

आमच्या रजिस्टरमध्ये एक रकाना होता. लाभार्थी आला नाही तर त्यात कारण लिहायचं. पर्याय तीनच: बाहेरगावी, नकार, उदासीन. माझ्या आधीच्या सिस्टरने वस्तीतल्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत एकाच शाईत 'उदासीन' लिहून ठेवलं होतं. मीही तेच उतरवलं. माझी सख्खी मावशी सिन्नरजवळ अशाच वस्तीत राहते आणि दोनदा शिंकली तरी दवाखान्यात धावते. तरी मी माझ्या वळणदार अक्षरात पानभर 'उदासीन' लिहिलं. आमचे डॉक्टर ते वाचून मान हलवायचे आणि म्हणायचे, "या लोकांना स्वतःच्या तब्येतीची पडलेलीच नसते." मीही मान हलवायचे.

आता प्रशस्तिपत्राचं. काकू काही मंगळवारी सत्र संपलं की अख्खा ओटा फिनेल टाकून धुऊन काढायच्या. मी भारावून गेले. शहरातल्या दवाखान्यांतसुद्धा एवढी निष्ठा दिसत नाही. काही मंगळवारी धुवायच्या नाहीत, तेव्हा मला वाटायचं फिनेल संपलं असेल. तालुक्याहून 'स्वच्छ सत्रस्थळ' म्हणून नावं मागवली तेव्हा मी तीन परिच्छेदांची शिफारस लिहिली. 'स्वयंप्रेरणेने जंतुनाशकाचा वापर' असं त्यात एक वाक्य होतं. प्रशस्तिपत्र आलं, फ्रेम झाली, पेढे वाटले. पहिला पेढा काकूंनी माझ्या तोंडात कोंबला.

त्याच महिन्यात गरोदर बायकांची यादी पुरी करायला मी ओहोळ ओलांडून वस्तीत गेले. यादीत एक सून होती, वय बावीस, पहिलं बाळंतपण, आठवा महिना. नवरा काकूंच्याच बागेत कामाला, त्यांची पिकअप चालवायचा. मी दारात गेले आणि त्या घरात धावपळ उडाली. शेजारून खुर्ची आली, खुर्चीवर उशीचा धुतलेला अभ्रा अंथरला गेला. सुनेची सासू स्वतः दुकानात गेली आणि पाण्याची सीलबंद बाटली आणि कागदी कपांचं पाकीट घेऊन आली. बाटलीचं सील तिनं माझ्यासमोर, मला दाखवून फोडलं. चहा कागदी कपात आला. मी कप हातात धरून बसले आणि मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. आमच्याच घरात आमच्याच माणसांनी मला बाटाबाटीपासून सांभाळलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा प्यायले आणि कप चुरगळून पर्समध्ये टाकला.

सुनेचे पाय सुजलेले होते. ब्लडप्रेशर मोजलं, एकशे चाळीस-नव्वद. मी म्हटलं, मीठ कमी, आराम कर आणि मंगळवारी सत्राला आणि शुक्रवारी माझी फेरी असते तेव्हा न चुकता ओट्यावर येऊन तपासून जा, हे वाढलं तर झटके येतात, आई आणि बाळ दोघांना धोका असतो. ती "येते सिस्टर" म्हणाली. सासू "येईल ना, का नाय येणार" म्हणाली.

मंगळवारी आली नाही. शुक्रवारी आली नाही. मी रकान्यात 'उदासीन' लिहिलं. पुढच्या मंगळवारीही आली नाही, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मला राग पटकन येतो आणि आला की तो पायांत उतरतो. सत्र आवरल्या आवरल्या मी ब्लडप्रेशरचं मशीन घेतलं आणि ओहोळ तरातरा ओलांडला.

"तुम्हाला सुनेचा जीव नकोसा झालाय का?" मी दारातूनच सुरू केलं. "दोनशे पावलांवर मशीन आहे, फुकट आहे, तेवढं यायला होत नाही?"

पुन्हा खुर्ची, पुन्हा अभ्रा. तिने कागदी कपांचं पाकीट काढलं तसा माझा पारा आणखी चढला. "मला चहा नको! का येत नाही ते सांगा!"

शेवटी सूनच भिंतीला टेकून म्हणाली, "सिस्टर, मागं आधीच्या सिस्टर होत्या तवा मी गेले होते. सगळ्यांचं होईस्तोर खाली उभं राहायचं. दोन तास झाले, मला घेरी आली आन् मी वट्याच्या पायरीवर बसले. निस्ती पायरीवर. तर काकूंनी मी उठायच्या आतच बादली आणली. माझ्या पायाखालनं फिनेल वाहिलं."

मी म्हटलं, "फिनेल?"

"आमच्यातलं कोणी पायरीला शिवलं, तर त्या दिवशी धुत्यात. नाय शिवलं तर नाय धुत. तुम्हाला माहीत नाय व्हय?"

मला तीन परिच्छेद आठवले. स्वयंप्रेरणेने जंतुनाशकाचा वापर. पेढ्याची चवसुद्धा आठवली. मी त्या खुर्चीत अभ्र्यावर बसले आणि म्हणाले, "जय भीम."

सासूने आधी सुनेकडे बघितलं, मग माझ्या कपाळावरच्या हळदीकुंकवाकडे. ते त्याच सकाळी काकूंनी लावलं होतं.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"मी. सिन्नरकडची. मावशी अजून तिथंच असते." मी मावशीचं गाव सांगितलं, मामांचं सांगितलं. सासूने दोन मिनिटांत तिसऱ्या गावातून आमचं नातं जुळवलं. मग कमरेवर हात ठेवून ती जी भडकली, ती माझ्याही वरताण. "अगं पोरी, मंग आधी नाय का सांगायचं? मी हितं दुकान पालथं घालून कप आणतेय! एवढं पाकीट आता कोण वापरायचं?" तिने माझ्याखालून अभ्रा ओढून घेतला. तो तिच्या लग्नातला होता म्हणे. घरातल्या कान तुटलेल्या कपात चहा आला, आणि मी रडत रडत तो प्यायले. सूनही रडायला आणि हसायला लागली, आणि मग एकदम कपाळ धरून म्हणाली, "डोकं लय ठणकतंय सकाळपासून. डोळ्यापुढं अंधारी येतीय."

मी पट्टा बांधला. एकशे साठ-एकशे दहा. पुन्हा बांधला. तेच.

आता गंमत संपली होती. हिला ताबडतोब नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. फोन केला तर रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली, दीड तास तरी लागेल म्हणाले. सिमेंटचा रस्ता संपतो तिथे काकूंची नवी पांढरी गाडी उभी होती. माझ्यासाठी काकू ती कधीही काढायच्या, दोनदा मला फाट्यावर सोडलंही होतं. मी पळतच ओट्यावर गेले.

"काकू, गाडी हवी. आत्ता. नाशिकला."

"काय झालं गं? वडलांना बरं नाय का? घे की!" किल्ली त्यांनी लगेच खुंटीवरून काढलीसुद्धा. "कोण्णाला न्यायचंय?"

इथे मी गप्प बसून किल्ली घेऊ शकले असते. पण ते मला जमलं नाही, किंवा सुचलं नाही. मी सांगितलं कोणाला न्यायचंय. किल्ली होती तिथेच हवेत थांबली.

"त्याचं काय हे सिस्टर," काकू म्हणाल्या, "शीटा नव्या हायेत. अजून प्लास्टिक काढलं नाय. परवा देवाला जायचंय त्या गाडीनं. तू बस ना, तुझं काय. पण तिला..."

"काकू, मीही तिच्यातलीच आहे. बौद्ध आहे." माझा आवाज चढला होता, खुर्च्या आवरणाऱ्या गावच्या आशा कार्यकर्तीच्या हातातली खुर्ची खाली आली. "तीन महिने तुमच्या खुर्चीत बसतेय, तुमच्या पेल्यातून पितेय, फ्रिज उघडतेय. दोनदा त्या शीटवर बसले. शीटांना काय झालं ते दाखवा मला! तिचा नवरा रोज तुमची पिकअप चालवतो, त्याला काय तरंगत चालवायला लावता?"

काकूंचा चेहरा मी विसरणार नाही. राग नंतर आला. आधी त्या आठवत होत्या. पेले, फ्रिज, लोणचं, स्वयंपाकघर, एकेक गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेली, आणि शेवटी बहिणीचा मुलगा सरकला तेव्हा त्यांनी खांबाचा आधार घेतला.

"पिकअप घ्या," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. पांढऱ्या गाडीची किल्ली बरोबर घेऊन गेल्या.

सुनेच्या नवऱ्याने अर्धे भरलेले क्रेट बागेत उतरवले. मागच्या हौद्यात गोधडी टाकून आम्ही तिला आडवी केली, मी आणि सासू दोन बाजूंना बसलो, आणि द्राक्षांच्या गाडीतून नाशिक गाठलं. रस्त्यात तिला झटका आला तर काय करायचं हे मी मनात घोकत होते आणि मशीन पोटाशी धरून बसले होते. सासू मध्येच म्हणाली, "एक्स्पोर्टची गाडी हे पोरी, नीट बस." अशा वेळी कोणी असं बोलतं का? पण त्यामुळे सून हसली, आणि ती हसते आहे तोवर शुद्धीवर आहे हे मला कळत होतं.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, किडकिडीत पण आवाजाला खणखणीत. आई वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून तासभर उशीर केला असता तर..."

पुढच्या मंगळवारी मी ओट्यावर गेले. जायला नको वाटत होतं, पण सत्र तिथंच होतं. ओटा धुतलेला होता, कोपऱ्यात अजून ओल होती. काकूंनी मला चहा दिला. पाहुणचारात त्या कमी पडणाऱ्या नव्हेत. चहा कागदी कपात होता. त्यांच्या मागे उघड्या दारातून हॉलमधलं प्रशस्तिपत्र दिसत होतं आणि त्यावर माझी सही होती. बहिणीच्या मुलाचा विषय पुन्हा निघाला नाही. पाच एकर द्राक्षं माझ्या हातची गेली.

मी अर्ज केला आणि सत्र वस्तीतल्या समाजमंदिरात हलवलं. पहिल्याच मंगळवारी वस्तीतली एकूण एक बाई आली. जिच्या नावापुढे सर्वांत जास्त वेळा 'उदासीन' होतं ती सर्वांत आधी, अंघोळ करून, बाळाला काजळ लावून. आता बंगल्यांच्या बाजूच्या बायका येईनात. मी रजिस्टर उघडलं आणि त्यांच्या नावांपुढे, वरपासून खालपर्यंत, एकाच शाईत लिहिलं: उदासीन.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचा फोन. "अहो, हे काय लिहिलंय? त्या चांगल्या घरच्या शिकलेल्या बायका आहेत, त्या उदासीन कशा असतील? काहीतरी अडचण असेल ना त्यांची? समजून घ्यायला नको?" आठवड्याच्या आत गावात बैठक झाली, अडचण समजून घेतली गेली आणि उपकेंद्रातले क्रेट हलले. इतकी वर्षं जे हललं नव्हतं ते एका दुपारत हललं. मला आनंद व्हायला हवा होता. मी घरी जाऊन वडिलांवर विनाकारण ओरडले.

क्रेट हलले, पण उपकेंद्राला रंग लागायला महिना होता. त्या महिन्यातल्या एका मंगळवारी समाजमंदिराच्या पायरीखाली काकू उभ्या दिसल्या. त्यांच्या गोळ्या संपल्या होत्या आणि डोकं गरगरत होतं. वर यायचं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्या बावीस वर्षांच्या पोरीने, मुलीला खांद्यावर टाकून, खुर्ची उचलली आणि पुढे नेऊन ठेवली. "बसा काकू. उभं राहिलं की घेरी येती."

काकू बसल्या. मी पट्टा बांधला. एकशे सत्तर. गोळ्या दिल्या, लोणच्यावरून बोलले. तेवढ्यात सासू चहा घेऊन आली, तोही कागदी कपात. त्या दिवशीचं पाकीट तिने जपून ठेवलं होतं. "घ्या काकू, नवा हे. आमच्यातल्या कोण्णी वापरलेला नाय." चेष्टा करत होती की खरंच जपत होती, मला आजही सांगता येणार नाही. काकूंनी कपाकडे बघितलं. "चहा बंद सांगितलाय मला," त्या म्हणाल्या आणि गोळ्या पदरात बांधून उठल्या. चहा मी त्यांना कधीच बंद केला नव्हता.

त्या ओहोळापार होईपर्यंत सगळ्या बघत राहिल्या. मग सासू रिकाम्या खुर्चीकडे बघून गंभीरपणे म्हणाली, "काय गं, फिनेल आणू का?"

बायका अशा हसल्या की बाळं दचकून रडायला लागली. सून हसत हसत त्याच खुर्चीत बसली, पाय पसरले आणि मुलीला पदराखाली घेतलं. मी तिच्या दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. एकशे वीस-ऐंशी. मी ते रजिस्टरात लिहिलं, आणि कारणाचा रकाना कोरा सोडला.